तेवीस ते एकोणतीस अंश

खोक्यावर छापलंय : चाचणी करावी
तेवीस ते एकोणतीस अंश सेल्सियसला.
बाहेर सेहेचाळीस.
आमच्या आरोग्यकेंद्राच्या लॅबमध्ये,
कूलरला पाणी असलं तर, चौतीस.
गावात या रोगाला गरमी म्हणतात.
मी हसत नाही.

पांढऱ्या कार्डावर वर्तुळं.
प्रत्येकात एक थेंब सीरम, एक थेंब अँटिजेन.
अँटिजेनमध्ये कोळशाची पूड, काजळाहून बारीक.
मग आठ मिनिटं फिरवायचं.
लाइट गेली की हातानं,
सुपातले खडे कडेला यावेत तसं.
काळं सगळीकडे सारखं पसरलं तर नाही.
गुठळ्या धरल्या तर आहे.
गुठळी कशापायी धरली
ते कोळसा सांगत नाही.

पपिता लेनगुरे, वय बावीस, पाचवा महिना.
तिच्या वर्तुळात बारीक गुठळ्या,
उजेडाकडे तिरपं धरलं तर दिसतील इतक्या.
दुप्पट पातळ केलं, दिसल्या.
चौपट, दिसल्या.
आठपटीत निवळल्या.
रजिस्टरात लिहिलं : एकास चार.

"माह्या रक्तात का निंगलं जी?"
कन्नाके सिस्टरनी दार लोटलं,
पण त्याची कडी दोन वर्षांपासून मोडलेली.
बाहेर बाकावर अकरा जणी.

इंजेक्शन त्याच दिवशी दिलं.
पोटातल्यासाठी वाट पाहायची नसते.
मी म्हणालो, ही पहिली चाचणी हळवी असते बाई,
हिवतापानं बिचकते, महारोगानं बिचकते,
कधी नुसती पोटुशी पाहूनही गुठळी धरते.
पक्की चाचणी चंद्रपूरला होईल.
"मागच्या महिन्यात थंडी वाजून ताप होता ना मले."
हे मी आधी विचारायला हवं होतं.
ती लंगडत गेली, कुल्ल्यावर हात ठेवून,
बाकासमोरून.

थर्मासमध्ये बर्फ, बर्फात तिची नळी,
एसटीच्या कंडक्टरच्या पायाशी.
निकालाला सतरा दिवस.

नवव्या दिवशी दिलेश्वर आला,
तेंदूपत्त्याचं काम अर्धवट टाकून.
नागपूरला जाऊन स्वतःचं रक्त तपासून आला होता,
न सांगता, साडेसातशे रुपये मोजून.
रिपोर्ट लॅमिनेट केलेला.
"माह्यं नाही हाय. मंग तिचं कोठून?"
टेबलावर ठेवला तर पंख्यानं हललासुद्धा नाही.

मी त्याला सांगू शकलो असतो
की नाहीसुद्धा खोटी निघते.
लागण ताजी असली तर रक्ताला अजून पत्ता नसतो.
आणि कधी रक्तात इतकं भरलेलं असतं
की कोळसा गपगार पडून राहतो,
पातळ केल्यावरच बोलतो.
दोन हजार नऊ साली मी पातळ केलं नव्हतं.
सावलीकडची बाई होती. नाही लिहून दिलं.
तिचं बाळ मी पाहिलं नाही,
सिस्टरनी पाहिलं.
तेव्हापासून माझ्या नळ्या
रोज सकाळी धुतलेल्या असतात.

दिलेश्वरला यातलं काही सांगितलं नाही.
"थांब", एवढंच म्हणालो.
तो थांबला नाही. पपिता माहेरी गेली.

पक्क्या चाचणीत मेंढीच्या लाल पेशी असतात.
रोगाची खूण असेल तर त्या चटईसारख्या पसरतात,
नसेल तर तळाशी जाऊन बसतात
लाल गुंडीसारख्या.
चंद्रपूरहून फोन आला : गुंडी आहे.

सरकारी रजिस्टरात खोडता येत नाही.
एक आडवी रेघ, बाजूला सही, तारीख.
खालचं एकास चार वाचता येतंच.

ती भावासोबत आली. कागद दोनदा उलटून पाहिला.
"मंग पयलं कोनाचं होतं?"
तुझंच, म्हणालो.
"मंग हे?"
तुझंच.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग विचारलं,
"हा प्लास्टिकमंधी भरून भेटन का जी?"

बसस्टँडसमोर झेरॉक्सवाला, वीस रुपये.
मी सोबत गेलो, दुपारी दोनला, डोक्याला दुपट्टा बांधून.
मशीन तापायलाच पाच मिनिटं लागली.
कागद बाहेर आला तो इतका गरम
की तिनं तो पदरानं धरला.